ती पेटी भेट की हिस्सा?

पत्र थोडक्यात: राजापूर तालुक्यातल्या एका 36 वर्षांच्या वाचक लिहितात. पणजोबांनी कातळ फोडून हापूसची कलमं लावली, आजोबांनी ती वाढवली, वडिलांनी 1990 नंतर फळबाग योजनेतून आणखी सव्वाशे लावली. आज लहानमोठी 280 कलमं आहेत. आजोबा 1998 मध्ये गेले, मृत्युपत्र केलेलं नव्हतं. जमीन अजून सामाईकच. सातबाऱ्यावर वडील, मुंबईचे काका, वारलेल्या धाकट्या काकांच्या पत्नी आणि मुलगा, शिवाय दोन आत्या, अशी सहा नावं आहेत. आजोबांच्या बाराव्याला मुंबईचे काका म्हणाले होते, "मला काही नको, बाग तू बघ." तेव्हापासून वडीलच बघत आले. आता ते 71 वर्षांचे आहेत आणि गुडघ्यांमुळे बागेत उतरता येत नाही. या बाई पाच वर्षांपूर्वी पुण्याची नोकरी सोडून परतल्या आणि आता सगळं त्याच पाहतात. बेंगळुरूच्या भावाचं म्हणणं, "तू कर, मला काही नको." गेल्या मे महिन्यात काका म्हणाले, "वाटणी करा, नाहीतर माझा हिस्सा मी बाहेर विकतो." शेजारचा एक बागायतदार सगळी बाग कराराने मागतो आहे. आत्यांनी हक्कसोड करून द्यावी असं वडिलांना वाटतं. जुनी कलमं छाटून बुटकी करायला मात्र त्यांची परवानगी नाही. बाई विचारतात, "चार पिढ्यांची बाग माझ्या हातून मोडू नये म्हणून काय करू? दरवर्षी सगळ्यांना घरपोच पेट्या पाठवतो, तरी आमच्या कष्टांची किंमत कुणाला का नाही?"

ताई,

तुमचं पत्र दुसऱ्यांदा वाचताना मी पेन्सिल घेऊन बसले. कलमांचा आकडा तुम्ही दिला होता, माणसांचा नव्हता, म्हणून मीच मोजली. सातबाऱ्यावरची सहा, तुम्ही आणि भाऊ. ऑक्टोबरात राखणीला येऊन पाऊस लागायच्या आधी परतणारं नेपाळी जोडपं. अठ्ठावीस वर्षं घरात असलेले "कामाचे काका". आणि तुमची आई. आई पत्रात दोनदा येते, दोन्ही वेळा चहा करताना.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण मला वाटतं सगळी गाठ त्या पेटीतच आहे.

पेटी भरताना तुमच्या घरी काय होतं, याची मला कल्पना आहे. गवतात पिकत घातलेल्या आढीतून एकेक फळ हातात घ्यायचं, देठाशी हुंगायचं, डागी बाजूला काढायचं, गवताचा थर द्यायचा आणि मार्करने नाव घालायचं. बाजारात चांगला भाव देणारी फळं त्या दिवशी घरच्यांसाठी बाजूला पडतात. वडिलांच्या लेखी ही भेट आहे, मनापासून दिलेली. तीच पेटी मुंबईत उघडली की काका मनातल्या मनात मोजतात. पाच डझन. बातम्यांत दिसणारा डझनाचा भाव. बागेत 280 कलमं. आणि माझ्या वाट्याला एवढंच? त्यांच्या लेखी तो हिस्सा आहे, आणि तोही तुटपुंजा. आत्यांना पेटी उघडताना बहुधा माहेरचा वास येतो, हिशोब नाही. यातलं कुणीच खोटं नाही. मात्र सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत ही पेटी नेमकी काय आहे, हे कुणी कुणाला सांगितलं नाही.

"कष्टांची किंमत नाही" असं तुम्ही म्हणता. किंमत कळायला आकडा लागतो, आणि तो तुम्ही कधी दाखवलेला दिसत नाही. तुडतुड्यांवर आणि भुरीवर किती फवारण्या झाल्या, फेब्रुवारीत पुन्हा मोहर आल्यावर आधी धरलेली कणी (बारीक फळं) किती गळली, वाशीला गेलेल्या मालातून टेम्पोचं भाडं, अडत आणि हमाली किती कापली गेली, साक्याची (आतून गर खराब झालेली) फळं कापल्यावर ग्राहकाला किती परत द्यावी लागली, यातलं काकांना काहीही ठाऊक नाही. तुम्ही हिशोब दिला नाहीत, म्हणून त्यांनी स्वतःचा एक बनवला.

तेव्हा वकिलाकडे जायच्या आधी वडिलांच्या वह्या बाहेर काढा. फवारणीच्या तारखा, गड्यांना दिलेली उचल, दलालाच्या विक्रीच्या पट्ट्या असं काहीतरी बहुतेक घरांत मिळतंच, कधी कॅलेंडरच्या मागेसुद्धा. मागची पाच वर्षं एका कागदावर मांडा. वाईट वर्षं गाळू नका. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने झाडावरचा माल खाली आणला असेल, तर तेही लिहा.

तो कागद कसा दिसेल, याचं एक काल्पनिक उदाहरण देते. समजा हंगामाची विक्री 10 लाख झाली. काकांच्या डोक्यात भागिले पाच, म्हणजे 2 लाख. आता खत, औषधं, मजुरी, राखण, पेट्या, वाहतूक, अडत मिळून 6 लाख गेले. उरले 4. पूर्णवेळ बाग बघणाऱ्या माणसाला महिना 15 हजार धरले (आणि तुम्ही ते धरलेच पाहिजेत) तर वर्षाचे 1 लाख 80 हजार. उरले 2 लाख 20 हजार. मेलेल्या कलमांच्या जागी नवी लावणं, गडग्याची (दगडी कुंपणाची) डागडुजी, पंप यासाठी 40 हजार बाजूला ठेवले. राहिले 1 लाख 80 हजार. पाच भावंडांच्या पाच शाखांत वाटले तर प्रत्येकी 36 हजार. 2 लाख आणि 36 हजार यांच्यामधली दरी हीच तुमच्या घरातली कटुता आहे. तुमचे आकडे वेगळे निघतील. कदाचित काकांना वाटतं त्याहून कमी आणि तुम्हाला सांगायला आवडेल त्याहून जास्त. तेही सोसायची तयारी ठेवा.

आता जरा नाजूक जागी येते. वडिलांना आत्यांची सही हवी आहे, आणि तुम्हालाही त्यात गैर वाटत नाही, असं पत्रावरून दिसतं. तुम्ही स्वतः लेक म्हणून ही बाग चालवता. "मुलगी असून बाग बघते" असं गाव म्हणतं, तेव्हा तुम्हाला बरं वाटतं आणि रागही येतो, हे तुम्हीच लिहिलंय. मग त्याच घरातल्या दोन लेकींनी मात्र सही करून बाजूला व्हावं, असं कशावरून? कायद्याचं म्हणाल, तर 2005 च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच हक्क दिला. 2005 मध्ये वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात स्पष्ट केलं. जमीन आजोबांच्या स्वतःच्या कमाईची असेल, तरी मृत्युपत्र नसताना मुलींचा वाटा मुलांइतकाच. हिस्सा नेमका किती, यावर वकील बोलतील. हिस्सा आहे की नाही, हा प्रश्न उरलेला नाही.

हक्कसोड होऊ नये असं मी म्हणत नाही. पुष्कळ आत्या आनंदाने सही करतात, आणि तो त्यांचा अधिकार आहे. पण गणपतीला माहेरी आलेल्या बाईसमोर आरतीनंतर स्टँपपेपर ठेवायचा, याला मागणं म्हणत नाहीत. त्यांना त्यांचा वाटा सांगा, वर्षाचा हिशोब पाठवा, मग त्या ठरवतील. आणि एकदा फोन करून सहीबिहीचा विषय न काढता विचारा, की विहिरीजवळच्या कलमांना लहानपणी पाणी कोण घालायचं. कातळावर लावलेलं कलम पहिली काही वर्षं उन्हाळ्यात पाण्याशिवाय तगत नाही, आणि त्या काळी पंप नव्हता. कळशा कुणाच्या डोक्यावर होत्या, याचा मला अंदाज आहे.

पर्यायांकडे वळू. काका म्हणतात तशी सरळ वाटणी करता येते. सगळे सहहिस्सेदार राजी असतील तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे अर्ज करून हिस्से वेगळे होतात. हक्काबद्दलच वाद असेल तर दिवाणी न्यायालय, आणि तिथे किती वर्षं जातात हे राजापुरात कुणालाही विचारा. तुकडेबंदी कायद्याच्या किमान क्षेत्राची अट आड येते का, हेही आधी तहसीलमधून कळून घ्या. पण बागेची वाटणी म्हणजे भातखाचराची वाटणी नव्हे. एका कोपऱ्यात विहीर आणि गाडीरस्ता, दुसऱ्यात नुसता कातळाचा सडा. एक कलम डोळे मिटून 40 डझन देतं, शेजारचं तेवढंच मोठं असून नुसतं पालवतं. गुंठे समान केले तर झाडं समान होत नाहीत, झाडं समान केली तर पाणी होत नाही. वाटणीवरच सगळे ठाम असतील तर निदान दोन हंगाम झाडवार नोंद ठेवून मगच रेघ ओढा.

पाळी लावायचं कुणी सुचवेल. एक वर्ष याने बाग खायची, एक वर्ष त्याने. माझ्या आजोळी ही पद्धत होती, म्हणून पोटतिडकीने सांगते, लावू नका. हापूस वर्षाआड भरघोस धरतो. दोघांत पाळी लागली, तर एकाला कायम भरलेलं वर्ष आणि दुसऱ्याला कायम रिकामं. आमच्याकडे मोठ्या मामांना सलग तीनदा रिकामं वर्ष आलं आणि दोन घरांमधला गडगा दर पावसाळ्यानंतर थोडा उंच होत गेला. त्याहून वाईट म्हणजे खत कुणीच घालत नाही. आज मी घातलेल्या शेणखताचं फळ पुढच्या वर्षी भाऊ खाणार, मग मी का घालू? सहा-सात वर्षांत बाग बोलायला लागते.

हाच धोका करारातही आहे, फक्त माणूस बाहेरचा. शेजारचा बागायतदार वाईट असेल असं नाही. पण बाग काही वर्षांसाठी घेणारा तेवढ्याच वर्षांचा विचार करणार. पावसात प्रत्येक झाडाला सढळ हाताने कल्टार (वाढ रोखून मोहर आणणारं औषध) ओतायचं, पालवी दाबून मोहर काढायचा, आणि खताचा खर्च मालकावर सोडायचा. कल्टारची मात्रा झाडाच्या घेराच्या व्यासाप्रमाणे ठरते, त्याबरोबर खतही वाढवावं लागतं, आणि ते मातीत बराच काळ टिकून राहतं. थकलेली कलमं परत मिळाली की ती सावरायला तुमचीच वर्षं जातात. कधी करार करावाच लागला तर फक्त त्या हंगामाची फळं विकल्याचा लेखी करार करा, जमिनीचा नको. कुळाचा प्रश्न उभा राहू नये म्हणून मसुदा वकिलाला दाखवा. कल्टार कुणी, किती घालायचं आणि खत कुणाचं, हेही त्यात लिहा.

काकांच्या विकण्याच्या धमकीने फार घाबरू नका. हिंदू वारसा कायद्याच्या कलम 22 प्रमाणे वारशाने आलेला हिस्सा विकायचा झाला तर सहवारसांना तो आधी घेण्याचा हक्क असतो, आणि तो शेतजमिनीलाही लागू आहे असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितलं आहे. अर्थात किंमत मोजावी लागेल, आणि तुम्ही लिहिलंय की पैसे नाहीत. म्हणजे या हक्कामुळे थोडा वेळ मिळेल, उत्तर मिळणार नाही.

माझं मत विचाराल, तर निदान पाच वर्षं बाग एकत्र ठेवून ती चालवण्याचा लेखी करार घरच्या घरी करा. बाग कोण बघणार, तिचं मानधन किती, हिशोब कधी द्यायचा (जून संपायच्या आत, सगळ्यांना एकाच वेळी), तोटा आला तर कुणी सोसायचा, आणि पाचव्या वर्षी कुणाला बाहेर पडायचं असेल तर त्याच्या हिश्शाची किंमत कशी काढायची. या शेवटच्या मुद्द्यावर जास्त वेळ घालवा. बाहेर पडायचा रस्ता दिसत असला की माणसं आत बसायला तयार होतात. जमिनीच्या हक्कात काही बदल होणार असेल तर नोंदणी लागेल, तेवढं वकिलाकडून तपासून घ्या. आणि फळपीक विमा विसरू नका. सामाईक सातबाऱ्यावर इतरांची संमतीपत्रं मागतात, ती ऐन मुदतीला गोळा होत नाहीत. भरपाई आली तर ती कुणाच्या खात्यात आणि कशी वाटायची, हेही त्याच कागदावर लिहून टाका. या एका मुद्द्यावरून अबोला धरलेली दोन घरं मला माहीत आहेत.

वडिलांच्या इतक्या वर्षांच्या राबण्याचं काय? मागची मजुरी मागू नका, ती कुणी देणार नाही आणि मागितल्याने त्यांचाच अपमान होईल. पण त्यांनी स्वतः लावलेल्या सव्वाशे कलमांचं निव्वळ उत्पन्न ते हयात असेपर्यंत त्यांचं आणि आईचं, असा प्रस्ताव ठेवून पाहा. कायद्याने झाड जमिनीबरोबर जातं. घरच्यांनी मात्र मनावर घेतलं तर असं ठरवता येतं. काका याला नाही म्हणतील असं मला वाटत नाही. बाराव्याला "मला काही नको" म्हणणारा माणूस त्या दिवशी खोटं बोलत नव्हता. तेव्हा त्यांची नोकरी होती, अंगात जोर होता. आता निवृत्ती आहे, औषधं आहेत, कदाचित मुलाच्या घराचे हप्तेही. गरज बदलली, शब्द तोच राहिला. म्हणूनच तुमच्या भावाचं "मला काही नको" ऐकून तुम्ही निर्धास्त आहात, याची मला काळजी वाटते. पाच वर्षं राबून आज तुमचं नाव कुठल्याही कागदावर नाही. वडिलांच्या हिश्शाचं पुढे काय, हे भावाच्या समोर वडिलांशी आत्ताच बोलून घ्या. मृत्युपत्राचा विषय काढणं जड जातं, कबूल आहे. माझे हात तर माझ्या वडिलांसमोर थरथरत होते.

आईचंही बघा. आढी कधी उघडायची हे तुमच्या घरात कोण ठरवतं? मी पैज लावते, वडील नाही. पुढेमागे वाटणी झालीच, तर लक्ष्मीमुक्ती योजनेत नवरा अर्ज करून बायकोचं नाव स्वतःच्या हिश्शावर सहहिस्सेदार म्हणून लावू शकतो. कामाच्या काकांसाठीही घरखर्चातून एक ठरावीक रक्कम दरमहा सुरू करा. ते थकल्यावर काय, याचा तुमच्या पत्रात उल्लेख नव्हता. कुठल्या कलमाला साका जास्त येतो, कुठल्याला खोडकिडा लागून गेलाय, हे बहुतेक त्यांनाच तोंडपाठ असणार. झाडांवर नंबर घालायला त्यांच्याबरोबर फिरा आणि ते बोलतील ते लिहून घ्या.

राहिली छाटणी. "माझ्या हातून मोडू नये" असं तुम्ही म्हणता. पण आधीच्या तिघांनी बाग जशी होती तशी ठेवली कुठे? एकाने कातळ फोडला, एकाने वाढवली, तिसऱ्याने सरकारी योजनेतून नवी कलमं आणली, तेव्हा आजोबाही कुरकुरले असतील. चाळीस फुटी झाडावर चढून झेल्याने फळ काढणारा माणूस आता मिळत नाही. फवारा शेंड्यापर्यंत पोचत नाही, मधे ऊन शिरत नाही. जुन्या दाट बागांच्या पुनरुज्जीवनाची शिफारस दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानेच केलेली आहे, तुम्ही काही वेडं सुचवत नाही. पण वडिलांचंही ऐका. जोरात छाटलेलं कलम दोन-तीन वर्षं फळ देत नाही, आणि 71 व्या वर्षी दोन-तीन वर्षं म्हणजे काय, हे तुम्ही-मी छत्तिशीत किंवा साठीत समजू शकत नाही. सगळी बाग मागू नका. कडेची दहा कलमं मागा. कुठली दहा, ते त्यांना निवडू द्या. खुर्ची टाकून त्यांना तिथे बसवा. पाऊस ओसरल्यावर विद्यापीठाच्या किंवा कृषी खात्याच्या जाणकाराला बोलवा, कापांना बोर्डो पेस्ट लावा, आणि त्या दहांचं बुडालेलं उत्पन्न आधीच हिशोबात दाखवा, म्हणजे काकांना पुढच्या मे महिन्यात धक्का बसणार नाही.

गणपतीला सगळे येतीलच. पहिले दोन दिवस हा विषय नको, आरत्या आणि पत्ते होऊ देत. तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर पडवीत तो पाच वर्षांचा कागद सगळ्यांच्या हातात द्या, प्रत्येकाला वेगळी प्रत. आत्यांनाही, काकूंनाही. त्या दिवशी निर्णय मागू नका. काका पहिल्यांदा आकड्यांवर संशय घेतील, तेव्हा दलालाच्या पट्ट्यांची फाईल शेजारी ठेवलेली बरी.

शेजारच्या बागायतदाराला तोवर "यंदा नाही" एवढंच सांगा. वडिलांनी त्याच्याकडून काही आगाऊ रक्कम घेतली आहे का, हे मात्र आजच विचारा. तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावरून मला तशी शंका आली. घेतली असेल तर पाऊस वाढून त्याने कल्टारला माणसं लावायच्या आत परत करा, आणि पावती घ्या.